तिसऱ्या घराचा हिशेब



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस याही वर्षी आरोग्याविषयी लिहावयास सांगितले होते. मधुमेह, रक्तदाब, चाळिशीनंतरचा आहार यांवर आम्ही या पानांतून पूर्वी लिहिले आहे, आणि ते कोणी फारसे मनावर घेतलेले नाही, हे जयंतीच्या पंगतीत दिसतेच. सबब या वर्षी आम्ही निराळा विषय घेतला आहे. तो वाचून काही स्नेही रागावतील. त्यांनी खुशाल रागवावे. गेल्या वीस वर्षांत आपल्या येथील समाजात भाड्याची घरे घेण्याची जी हाव पसरली आहे ती, आणि ती घरे ज्या कर्जावर उभी आहेत ते कर्ज, हा आमचा विषय.

इंग्लंडमधील आपल्या कोणत्याही कार्यक्रमास जावे. बुद्धवंदना होते, भाषणे होतात, आणि खिरीची वाटी हातात येते न येते तोच शेजारचा विचारतो, "मग, तुमची किती?" पूर्वी हा प्रश्न मुलांविषयी असे, आता तो घरांविषयी असतो. दोन घरांचा धनी तीन घरांच्या धन्याकडे आदराने पाहतो, आणि एकाच घरात सुखाने राहणारा शिक्षक किंवा परिचारिका खाली मान घालून पापड मोडीत बसते. मग कोणी उत्साही बांधव हॉटेलात भरणाऱ्या ‘प्रॉपर्टी सेमिनार’ची पत्रके वाटू लागतो. त्या पत्रकांचा मथितार्थ असा : राहत्या घराची किंमत वाढली आहे, तिच्यावर बँकेकडून पैसे उचला, त्यांचे डिपॉझिट भरून दुसरे घर घ्या, रंगरंगोटी करा, नवी किंमत लावून घ्या, पुन्हा पैसे उचला, तिसरे घर घ्या. स्वतःची दमडी घालावयास नको. कर्ज भाडेकरू फेडील.

या शेवटच्या वाक्याशी आमचे भांडण आहे.

गैरसमज नको. घर घेण्यास, एखादे घर भाड्याने देण्यासही आमचा विरोध नाही. तथागतांनी उपासकांना दारिद्र्याचा उपदेश केलेला नाही. कष्टाने मिळवावे, मिळविलेले राखावे आणि मिळकतीच्या प्रमाणात खर्च करावा, हे त्यांनी कोलिय कुळातील दीघजाणूस स्पष्ट सांगितले. अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे अत्थिसुख, ती भोगण्याचे भोगसुख, कोणाचेही देणे नसण्याचे अनणसुख आणि निर्दोष वर्तनाचे अनवज्जसुख. हा अनाथपिंडिक काही साधा गृहस्थ नव्हता. जेतवनाची जमीन त्याने नाण्यांनी आच्छादून विकत घेतल्याची कथा आपण मुलांना सांगतो. मालमत्तेचा एवढा मोठा व्यवहार करणाऱ्या श्रेष्ठीलाच तथागतांनी ऋणमुक्तीचे सुख सांगावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सेमिनारच्या पत्रकात पहिली दोन सुखे ठळक अक्षरांत असतात, उरलेली दोन नसतात.

आता हिशेब. या देशात १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूचे संरक्षण सैल केले. ठरावीक मुदतीनंतर कारण न देता त्यास घराबाहेर काढण्याची सोय झाली. पुढे १९९६ पासून बँकांनी ‘बाय-टू-लेट’ नावाची खास कर्जे देण्यास आरंभ केला. ही कर्जे बहुधा केवळ व्याज भरण्याची असतात. मुद्दल पंचवीस वर्षांनंतरही जसेच्या तसे उभे राहते. म्हणजे आपण ज्यास ‘माझे घर’ म्हणतो त्याचा तीन-चतुर्थांश भाग बँकेचा असतो आणि तो आपल्या हयातीत कमीही होत नाही. आपल्या आजोबांनी सावकाराला जन्मभर व्याज भरले, मुद्दल कधी फिटले नाही. तो प्रकार आपण जुलूम म्हणून ओळखतो. हाच प्रकार गुळगुळीत कागदावर छापून आला की त्यास आपण गुंतवणूक म्हणतो.

दोन लाख पौंडांचे एक रांगेतील घर समजा. दीड लाखाचे कर्ज, पन्नास हजार आपले. भाडे दरमहा हजार पौंड. भाडेकरू बदलताना वर्षातून एक महिना घर रिकामे राहते असे धरले तर हाती अकरा हजार येतात. त्यातून एजंटाचे अकराशे गेले, विमा, गॅसची तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती यांचे अठराशे गेले. उरले आठ हजार एकशे. कर्जाचा दर २ टक्के असेल तर व्याज तीन हजार. चाळीस टक्क्यांच्या पायरीवरील माणसाचा कर जाऊन वर्षाला सुमारे अडीच हजार पौंड शिल्लक राहतात. येथपर्यंत पत्रक खरे बोलते.

परंतु बँक ऑफ इंग्लंडचा जो दर डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेला. ज्यांनी दोन वर्षांसाठी दर बांधून घेतला होता त्यांची मुदत नेमकी तेव्हा संपली. त्याच घराचे कर्ज साडेपाच टक्क्यांनी घेतले की व्याज ८,२५० पौंड होते. म्हणजे करापूर्वीच दीडशेची खोट. आणि कर तरीही आहेच! २०१५ च्या वित्त कायद्याने, २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने, वैयक्तिक घरमालकास व्याज हा खर्च म्हणून वजा करण्याची मुभा काढून घेण्यात आली. त्याऐवजी केवळ वीस टक्क्यांची सवलत मिळते. आमच्या उदाहरणात ८,१०० वर चाळीस टक्के म्हणजे ३,२४० पौंड कर, त्यातून १,६२० ची सवलत, बाकी १,६२० भरणे. खोटीत चाललेल्या घरावर कर, हे ऐकून आपले संगणक अभियंते असलेले स्नेही आजही चकित होतात. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी ते चकित झाले असते तर बरे होते. एकूण वर्षाला सतराशे सत्तर पौंड पगारातून घालावे लागतात. भाडे दरमहा दीडशे पौंडांनी वाढविले तरी, आम्ही पुन्हा गणित करून पाहिले, साडेआठशेच्या आसपास खोट राहतेच.

आज जो नव्याने हे घर घेईल त्याच्यासाठी आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये दुसऱ्या घरावरील जादा मुद्रांक शुल्क २०१६ साली ३ टक्के होते, ते ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाले. दोन लाखांच्या घरावर आता साडेअकरा हजार पौंड शुल्क भरावे लागते. कंपनी काढली की व्याज पूर्ण वजा होते, असे सल्लागार सांगतात. ते खरे आहे. पण कंपनीच्या कर्जाचा दर बहुधा अधिक असतो, आणि नफा घरी आणताना पुन्हा कर लागतो, हे सल्लागार जिना उतरताना सांगतात.

"पण डॉक्टरसाहेब, किंमत तर वाढते ना?" हा प्रश्न हमखास येतो. वाढते, २००८ च्या सुमारास घसरलीही होती. ज्या व्यवहारात दरवर्षी पदरचे घालावयाचे आणि शेवटी किंमत वाढेल या आशेवर बसावयाचे, त्या व्यवहारास निराळे नाव आहे. सिगालोवाद सुत्तात संपत्तिनाशाच्या सहा दारांमध्ये ते येते. पुण्यास वाकड किंवा खराडीत फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्यांनीही हसू नये. तेथे भाडे घराच्या किमतीच्या ढोबळमानाने तीन टक्के, आणि गृहकर्ज त्याच्या दुपटीहून अधिक दराचे, हे गणित तर येथल्याहून वाईट आहे.

आम्हीही याला अपवाद नाही. २००६ साली आम्ही केवळ व्याजाच्या कर्जावर एक फ्लॅट घेतला होता. इमारतीच्या देखभालीचा आकार दरवर्षी वाढे, आणि तो वाढला की आम्ही भाडे वाढवीत असू. तेथे राहणारी तरुण बाई, रुग्णालयातच सफाईचे काम करणारी, एक दिवस शांतपणे चाव्या देऊन गेली. आम्हांस तेव्हा त्याचे काही वाटले नाही, कारण नवीन भाडेकरू आठवड्यात मिळाला. २०१७ साली आम्ही तो फ्लॅट विकला. तोही तत्त्वासाठी नव्हे. कराचा हिशेब बसेना म्हणून विकला. हे येथे प्रांजळपणे नोंदवितो.

तर मग आज हे लिहिण्याचे कारण काय? कारण आमच्या दवाखान्यातील एक मूल.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एरिट्रियातून आलेले एक कुटुंब आपल्या चार वर्षांच्या मुलाला पाचव्यांदा घेऊन आले. छातीत घरघर, रात्रभर खोकला. पंप दिला होता, स्टेरॉइड दिले होते. आईने फोनमधील छायाचित्र दाखविले : मुलाच्या बिछान्यालगतची भिंत छतापासून खालपर्यंत काळी पडलेली. ओलीवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत तरंगत असतात, लहान मुलाच्या श्वासनलिका अरुंद असतात, आणि ते मूल त्या भिंतीला टेकून रोज दहा तास झोपत होते. वैद्यकशास्त्रात याहून खोल काही नाही. बापाने घरमालकास देण्यासाठी डॉक्टरचे पत्र मागितले आणि घरमालकाचे उत्तर आमच्यासमोर ठेवले. त्यात लिहिले होते की ओल तुमच्या राहणीमुळे येते, तुम्ही फार स्वयंपाक करता, कपडे घरात वाळविता, खिडक्या उघडीत नाही. खाली सही होती. ती सही आम्हांस परिचित होती. त्या गृहस्थांच्या शेजारी बसून आम्ही त्याच वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे भाषण ऐकले होते.

रॉचडेलचा दोन वर्षांचा अवाब इशाक वाचकांस आठवत असेल. डिसेंबर २०२० मध्ये तो गेला, आणि फ्लॅटमधील बुरशीच्या दीर्घ संसर्गाने श्वसनविकार होऊन तो गेला, असा निष्कर्ष कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदविला. त्याचे आईवडील सुदानहून आलेले. त्यांनाही राहणीचाच दोष देण्यात आला होता. ‘तुमच्या राहणीमुळे’! तुम्ही मुळात अस्वच्छ, म्हणून तुमच्या वस्तीला घाण. हे वाक्य आपल्या कानांना नवीन आहे काय? आपल्या कित्येक पिढ्यांनी ते ऐकले. त्या वाक्याखाली आपल्यापैकी एकाची सही पाहण्याची वेळ आमच्यावर यावी, याची लाज आम्हांस अजून वाटते.

रुग्णाची गोष्ट रुग्णाची असते. तिचा शब्दही आम्ही त्या गृहस्थांजवळ काढला नाही. पत्र दिले, काउन्सिलकडे कोठे तक्रार करावयाची ते बापास सांगितले. पुढे काउन्सिलची नोटीस आल्यावर ते गृहस्थ आपणहून आमच्या घरी आले. ते दुष्ट नाहीत. विहाराच्या निधीस दरवर्षी देणगी देतात, गावाकडील पुतणीचे शिक्षण करतात. हिशेबाची वही त्यांनी टेबलावर ठेवली. आकडे वर दिले त्याहून फार निराळे नव्हते, मात्र एका घराऐवजी तीन घरांचे होते. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "भिंत बाहेरून उकरून पुन्हा करावयाची म्हणजे सहा हजार. हप्ता चुकला तर राहते घरही जाईल, ते गहाण आहे. कोठून आणू?"

आमचा आक्षेप आहे तो हा. या माणसास कर्जाने निर्दय केले. उसन्या पैशावर काठोकाठ भरलेल्या घरमालकापाशी चांगुलपणासाठी जागाच उरत नाही. त्याला बॉयलर बदलणे परवडत नाही, भाडे महिनाभर थांबविणे परवडत नाही, मूल खोकते आहे हे ऐकून घेणेसुद्धा परवडत नाही. ‘कर्ज भाडेकरू फेडील’ या वाक्याचा अर्थ तो मुलगा होता. पैशाचा प्रश्न आणि शीलाचा प्रश्न असे दोन कप्पे आपण करतो, रविवारी एक उघडतो आणि सोमवारी दुसरा. तिसऱ्या घराच्या कर्जात ते दोन कप्पे राहत नाहीत.

भाड्याच्या खोलीचा इतिहास आपल्याइतका कोणास ठाऊक असावा? १९१७ साली अमेरिकेतून आणि लंडनहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात डोके टेकावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत रोजचा दीड रुपया देऊन, पारशी नावाची नोंद करून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरी घेतले नाही. हा प्रसंग आपल्या मुलांना पाठ आहे. त्याच बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते कुळाच्या डोक्यावर बसून आयता वाटा घेणाऱ्या मधल्या माणसाविरुद्ध. आपल्यापैकी निम्मी घरे रत्नागिरीकडची आहेत. खोत म्हणजे काय ते त्यांना आम्ही सांगावयास नको.

येथलीही एक गोष्ट सांगतो. २००० साली आम्ही या देशात नवे असताना लंडनच्या वायव्य उपनगरात एका दुकानाच्या काचेवर खोली भाड्याने देण्याची चिठ्ठी पाहिली. घरमालक आपल्याच देशचे. फोनवर गोड बोलणे झाले, गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग दोन क्षण शांतता, आणि मग "खोली कालच गेली." ती चिठ्ठी पुढे आठवडाभर त्याच काचेवर होती. समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख यावा म्हणून आपल्यातील अनेकांनी सभा घेतल्या, निवेदने दिली. २०१८ साली सरकारने ते नाकारले. तेव्हाचा आपला संताप न्याय्य होता. परंतु गेल्या वर्षी आपल्याच एका बांधवाने दिलेली जाहिरात आम्ही वाचली : नोकरदार जोडपे हवे, मुले नकोत, सरकारी साहाय्यावर जगणारे नकोत. साहाय्यावर जगणाऱ्यांना सरसकट नाकारणे बेकायदा आहे, असा निर्णय यॉर्कच्या न्यायालयाने २०२० सालीच दिला होता, हे त्या बांधवास ठाऊक नसावे. आडनाव विचारणारा आणि पगाराची चिठ्ठी विचारून मुलांसकट दार लावणारा, यांत काही फरक आहे. पण दाराबाहेर उभे राहणाऱ्यास तो किती जाणवतो?

पीटर रॅकमन हे नाव नव्या पिढीस माहीत नसेल. पोलंडमधील ज्यू, नाझींच्या आणि रशियनांच्या छावण्यांतून वाचलेला, १९४६ साली या देशात आलेला निर्वासित. कॅरिबियन लोकांना कोणी खोली देत नसे, तेव्हा नॉटिंग हिलमध्ये त्याने त्यांना खोल्या दिल्या, आणि त्यांच्या निरुपायाचे भरमसाट भाडे घेतले. १९६२ साली तो मेला. इंग्रजी शब्दकोशांत त्याच्या नावाचा शब्द राहिला आहे, भाडेकरूंच्या पिळवणुकीसाठी. छळ सोसलेला माणूस आपोआप दयाळू होत नाही. बाबासाहेबांचे छायाचित्र भिंतीवर असल्यानेही तो होत नाही.

२०२५ साली संमत झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने कारण न देता घराबाहेर काढण्याची सोय रद्द करण्याचे, मुले आहेत किंवा साहाय्य मिळते म्हणून नाकारण्यास बंदी घालण्याचे आणि एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे न घेण्याचे ठरविले. अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख निश्चित झाली. आपल्या काही मंडळींत यावर सुतक पाळल्यासारखी चर्चा चालू आहे. ‘घरमालकाने जगावे कसे?’ आम्ही म्हणतो, ज्याचे कर्ज घराच्या किमतीच्या निम्म्याहून कमी आहे, जो मुद्दल फेडतो आहे, आणि ज्याने वर्षाच्या भाड्याइतकी रक्कम दुरुस्तीसाठी निराळी ठेविली आहे, त्याला या कायद्याने रात्रीची झोप येईनाशी होण्याचे कारण नाही. ज्याच्याकडून हे होत नाही त्याने तिसरे घर विकावे, नंतर दुसरे. वर उल्लेख केलेल्या गृहस्थांनी एक घर विकले. नफा फारसा झाला नाही. भिंत मात्र झाली.

राहिला पैशाचे काय करावे हा प्रश्न. प्रिमरोझ हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपण पाहुण्यांना अगत्याने दाखवितो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे भाड्याने राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. म्हणजे आपण ज्या वास्तूस वंदन करतो ती एका भाडेकरू विद्यार्थ्याची खोली आहे. आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली या देशात येतात. त्यांना येथला जामीनदार नसतो, शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा येतो, आणि पहिले काही आठवडे ती ओळखीच्यांच्या सोफ्यावर काढतात. आपल्या संस्थेच्या सभासदांपाशी मिळून भाड्याची किती घरे आहेत ते आम्ही मोजलेले नाही. आमच्या ओळखीतच दहापेक्षा अधिक आहेत. त्यांतील एकही खोली या मुलांसाठी राखलेली नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. संस्थेने लंडनच्या परिसरात एक घर, शक्य तितक्या कमी कर्जावर आणि मुद्दल फेडण्याच्या करारावर, विद्यार्थ्यांसाठी घ्यावे. तोपर्यंत ज्या सभासदांची भाड्याची घरे आहेत त्यांनी निदान एका विद्यार्थ्यास जामीन राहावे. आमचा धनादेश, त्या २००६ च्या फ्लॅटमधून जे उरले त्यातला, तयार आहे. माडीवरील खोलीही सप्टेंबरपासून रिकामी आहे. ज्यांना ठरावास विरोध करावयाचा असेल त्यांनी अवश्य करावा. मात्र येताना आपल्या घरांच्या कर्जाचे कागद आणि भाडेकरूंच्या भिंतींची छायाचित्रे सोबत आणावीत.